शाळा सुटल्यानंतरचे दोन तास

भोर किंवा वेल्हे तालुक्यातल्या कुठल्याही गावात संध्याकाळी पारापाशी थांबा. आठवी-नववीतली पाच-सात मुलं हातात मोबाईल घेऊन बसलेली दिसतील. हजेरीपटावर त्यांची नावं आहेत, अंगावर गणवेश आहे, पण शाळेतून त्यांचं मन कधीच उठलेलं आहे. कुणी आठवड्यातून दोनदा एसटी मुद्दाम चुकवतो. कुणी शनिवार-रविवारी राजगडाच्या पायथ्याशी गाड्या लावून देतो, सरबत विकतो आणि सोमवारी वर्गात पेंगतो. मुली पारावर दिसत नाहीत, म्हणून त्यांचं शाळेपासून तुटणं आपल्या नजरेलाच येत नाही. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिलेली मुलगी पंधरा दिवसांनी वर्गात जायला संकोचते. पुढे दहावी व्हायच्या आतच तिच्या लग्नाच्या गोष्टी घरात सुरू होतात.

अशा मुलांच्या आजूबाजूला असणाऱ्या मोठ्या माणसांसाठी हा लेख आहे. आईवडील, शिक्षक, अंगणवाडीताई, बचत गटातल्या बाया, तरुण मंडळाचे कार्यकर्ते, निवृत्त होऊन गावी परतलेले चाकरमानी आणि गड चढायला येणारे पुणेकर, सगळ्यांसाठी. शाळा सुधारणं गावाच्या एकट्याच्या हातात नाही. शाळा सुटल्यानंतरचे दोन तास मात्र पूर्णपणे गावाच्या हातात आहेत, आणि नेमके तेच आपण वाया जाऊ देतो.

मन का उडतं, हे आधी समजून घ्या

या डोंगराळ भागात वाडीतली शाळा चौथी-पाचवीला संपते. पुढची शाळा म्हणजे पायपीट, ओढा आणि एसटीची वाट पाहणं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की दिवस बुडतो. बुडालेल्या दिवसाचा धडा पुन्हा कुणी शिकवत नाही. दोन वर्षांत एवढे दिवस बुडतात की फळ्यावर काय चाललंय हे कळेनासं होतं. मग तो मुलगा शेवटच्या बाकावर जातो, आणि तिथून शाळेबाहेर.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. २०२३ साली 'असर' या शिक्षणाविषयीच्या पाहणीने २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांमध्ये १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची तपासणी केली. त्यातल्या जवळपास ८७ टक्के मुलांची नावं कुठल्या ना कुठल्या शाळा-कॉलेजात होती. तरीही सुमारे चौथाई मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सलग वाचता आला नाही, आणि साधा भागाकार जमणारी मुलं निम्म्याहूनही कमी निघाली. म्हणजे पट भरलेला आहे आणि शिकणं थांबलेलं आहे.

ज्याला आपण 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणतो, त्या मुलाकडे नीट पाहा. कोणत्या दगडाखाली खेकडा सापडेल हे त्याला ठाऊक असतं. भाताचा तरवा किती दिवसांत आवणीला येतो, खाचराचा बांध कुठे फुटेल, गाय कशाने दूध कमी देते, हे तो सांगू शकतो. त्याला अक्कल नाही असं म्हणायला जागाच नाही. त्याच्या अकलेला शाळेत कुणी कधी विचारलेलं नाही, एवढंच. शिवाय शहर तासा-दीड तासावर आहे. हायवेलगतची हॉटेलं आहेत, शिवापूरकडचे कारखाने आहेत, जमिनीच्या व्यवहारात हातात अचानक पैसा आलेली घरं आहेत. शिकून काय होणार, हा प्रश्न मुलाच्या डोक्यात रोज असतो. त्याचं उत्तर भाषणाने देता येत नाही. ते कामातूनच द्यावं लागतं.

म्हणूनच संध्याकाळी आणखी एक शिकवणी लावू नका. जिथे तो हरला, तीच जागा त्याला पुन्हा दाखवली तर तो येणार नाही. गावाला खरोखर हवं असलेलं एखादं काम त्याच्या हाती द्या आणि वाचन, लेखन, हिशेब त्या कामाच्या मागून येऊ द्या. या लेखाचं सगळं सांगणं एवढंच आहे. पुढे आहे ते हे कसं करायचं याविषयी.

माणूस, जागा आणि वेळ

सुरुवात माणसापासून करा. गावात बारावी झालेली एखादी ताई असते, भजनी मंडळातले एखादे काका असतात, फौजेतून आलेला एखादा दादा असतो. त्यांची पदवी पाहू नका. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी ते येतातच का, हे पाहा. ज्या मुलाला मोठ्यांनी अनेकदा 'बघू, करू' म्हणून टाळलेलं आहे, त्याचा विश्वास वेळ पाळण्यानेच बसतो. दोन मोठी माणसं हवीत, त्यातली एक बाई हवीच. एकट्या माणसावर काम उभं राहिलं की त्याच्या नोकरीबरोबर ते गावातून निघून जातं.

जागा निवडताना एक प्रश्न विचारा. इथे कातकरी वस्तीवरचं, धनगरवाड्यावरचं, बौद्धवाडीतलं पोर मान खाली न घालता येऊन बसेल का? मंदिराचा सभामंडप सोयीचा असेल, पण तिथे पाऊल टाकताना एखादं मूल बिचकत असेल तर शाळेचा व्हरांडा किंवा समाजमंदिर बरं. दिवा, पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह जवळ असावं.

आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन-दोन तास, एवढ्यावर सुरू करा. रोज बसू म्हणणारे उपक्रम महिन्यात थकतात. वेळापत्रक भाताच्या हंगामाप्रमाणे ठेवा. आवणीच्या आणि भातकापणीच्या दिवसांत मुलं घरच्या कामात असणारच. तेव्हा वर्ग बंद पडला म्हणून हळहळू नका, ठरवूनच सुट्टी द्या आणि पुन्हा सुरू होण्याची तारीख आधी सांगून ठेवा. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, बिबट्याचा वावर असतो. तेव्हा वेळ अलीकडे घ्या आणि दूरच्या वाडीतल्या मुलांना घरी सोडायला कोण जाणार हे ठरवा.

पहिल्या दोन आठवड्यांत काहीही शिकवू नका. कबड्डी खेळा, लेझीम काढा, मुलांबरोबर बसा आणि विचारा. तुला काय करता येतं? घरी कोणतं काम तू करतोस? गावात काय मोडकं आहे असं तुला वाटतं? उत्तरं वहीत लिहून ठेवा. पुढच्या कामांची यादी त्याच वहीतून निघेल.

काम पहिलं: आपला गड, आपला गाव

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात राजगड आहे. ज्या तालुक्याला आपण वेल्हे म्हणत आलो, त्याचं नावही आता राजगड झालं आहे. गडावर देशभरातून माणसं येतील. त्यांना गड कोण दाखवणार? गडाखाली राहणारी मुलं गाड्या लावून देणार आणि माहिती बाहेरून आलेले लोक सांगणार, ही वाटणी आपण मान्य करू नये.

मुलांना गावाचा इतिहास गोळा करायला सांगा. भोर तालुक्यातलं कारी हे शिवकाळातल्या कान्होजी जेध्यांचं गाव. भुतोंडे येसाजी कंकांचं. हिरडस मावळाशी बाजीप्रभूंचं नाव जोडलेलं. रायरेश्वर, रोहिडा, तोरणा हे सगळं हाताच्या अंतरावर. म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं वहीच्या एका पानावर लिहायचं, छापील पुस्तकात सापडलेलं समोरच्या पानावर. जेधे करीना आणि जेधे शकावली ही इतिहासाची साधनं याच मातीतल्या घराण्याची आहेत हे कळलं की मुलांना इतिहास परका वाटत नाही. आख्यायिका कोणती आणि कागदाचा आधार कशाला आहे, हा फरक ज्याला करता आला, तो मोबाईलवर आलेला प्रत्येक मजकूर खरा मानणार नाही.

गड नसलेल्या गावांनीही मागे राहू नये. भाटघर धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की कांबरेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं. पाण्याखाली कोणती घरं, शेतं, वाटा गेल्या, हे वाडवडिलांकडून ऐकलेलं सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत. त्यांच्याकडून ऐकून जुन्या गावाचा नकाशा काढणं हे भूगोलाचं आणि भाषेचं उत्तम शिक्षण आहे. शेवटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा रंगवा किंवा गावाची छोटी पुस्तिका काढा. मुलांची नावं त्यावर असू द्या.

एक पथ्य पाळा. अठराच्या आतल्या मुलांना पैसे घेऊन एकट्याने पर्यटकांबरोबर गडावर पाठवू नका. पावसाळ्यात तर कधीच नाही.

काम दुसरं: देवराई आणि पाऊस

सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात केला, तेव्हा या डोंगरांतलं लोकांनी राखलेलं रान अभ्यासकांपुढे आलं. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. अनेक ठिकाणी ती वही कपाटात पडून असते. ती मुलांनी जिवंत करावी. देवराईतलं झाड, त्याचं गावातलं नाव, ते कधी फुलतं, कशाला उपयोगी पडतं, कुठला पक्षी त्यावर बसतो, याची नोंद दर पंधरवड्याला घ्यायची. रानभाज्या आणि हिरड्याबद्दल कातकरी आणि महादेव कोळी घरांतल्या आज्यांना जे माहीत आहे, ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. त्यांना पाहुण्या शिक्षिका म्हणून बोलवा, खुर्ची द्या, मुलांना त्यांच्यासमोर वही घेऊन बसवा. एरवी वर्गात मागे राहणारं त्या घरातलं पोर त्या दिवशी पुढे बसलेलं दिसेल.

पाऊस मोजणं हे याहून सोपं. सरळ बाजूंची बाटली कापा, पट्टी चिकटवा, उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी आकडा लिहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चाळीस चौरस मीटर पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर चारशे लिटर. एवढा पाऊस पडूनही मार्च-एप्रिलमध्ये वाडीवरच्या बाया हंडे घेऊन का जातात, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतील. त्यांनी काढलेला हिशेब ग्रामसभेत वाचायला लावा. गुणाकार, क्षेत्रफळ, आलेख आणि चार लोकांसमोर उभं राहून बोलणं, एवढं सगळं त्यात येतं.

काम तिसरं: हाताचं शिक्षण

आपल्याच पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी खरी कामं शिकवायची आणि त्या कामांतूनच विज्ञान-गणित समजावायचं, ही तिथली रीत. गावातल्या लोकांना लागणारी कामं विद्यार्थी करतात, त्यामुळे शिकणं आणि सेवा एकत्र चालते. तिथला अभ्यासक्रम पुढे अनेक शाळांमध्येही पोचला.

एवढी मोठी सोय आपल्याकडे नसेल, पण छोटी सुरुवात सहज होते. गावातला गवंडी, सुतार, वायरमन, शिवणकाम करणारी ताई यांना महिन्यातल्या दोन संध्याकाळी मागा. अंगणवाडीची मोडकी खुर्ची, शाळेचा गळका नळ, रस्त्यावरचा बंद दिवा ही कामं यादीत घ्या. वीज आणि यंत्राचं काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच होऊ द्या. काम करण्याआधी मुलांनी माप घ्यायचं, साहित्याची यादी करायची, दुकानातून दर आणायचा आणि अंदाजपत्रक लिहायचं. काम झाल्यावर खरा खर्च त्याशेजारी मांडायचा. भागाकाराला घाबरणारा मुलगा इथे न सांगता भागाकार करतो. घरच्या इंद्रायणी भाताचाही असाच हिशेब मांडा. किती पोती भात झाला, गिरणीतून तांदूळ किती आला, मजुरी किती गेली, किलोमागे काय पडलं? हा कागद मुलाने वडिलांना वाचून दाखवला की घरातलं त्याचं स्थान बदलतं.

वाचन मागच्या दाराने येऊ द्या

कोणाला किती वाचता येतं हे एकेकट्याला बाजूला घेऊन पाहा. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चार पायऱ्या पुरतात. निकाल सगळ्यांसमोर सांगू नका. पंधरा वर्षांच्या मुलाला पहिलीचं पुस्तक देऊ नका, त्याचा अपमान होतो. त्याने तोंडी सांगितलेली खेकड्यांची गोष्ट ताईने त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी आणि तीच त्याला वाचायला द्यावी. स्वतःचं बोलणं कागदावर पाहिलं की वाचायची भीती निम्मी होते. प्रत्येक बैठकीत पंधरा-वीस मिनिटं कुणीतरी मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. आठवड्यातून एकदा मुलांनी भिंतीवरचं वार्तापत्र लिहावं: पावसाचा आकडा, एसटीची वेळ, गावातली बातमी, खेळाचा निकाल.

मोबाईलवर नुसती बंदी घालू नका, ती पाळली जात नाही. दोन तासांसाठी फोन एका पेटीत ठेवायचे, हा नियम मोठ्यांनाही लावा. त्यातला एखादाच फोन कामासाठी बाहेर काढा: आजीचं बोलणं रेकॉर्ड करायला, झाडाचा फोटो घ्यायला, अरविंद गुप्तांची टाकाऊतून विज्ञानखेळणी बघायला.

मुलींसाठी वेगळा विचार

'सगळ्यांना या म्हटलं होतं' एवढ्याने मुली येत नाहीत. आईशी बोलावं लागतं, आणि त्यासाठी बचत गटासारखी वाट नाही. पुण्यात १९६२ साली अप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने शिवगंगा-गुंजवणीच्या खोऱ्यांत हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. बायकांचे बचत गट उभे राहिले आणि दूरच्या वाड्यांवरच्या मुलींना शिकता यावं म्हणून वेल्ह्यात निवासाची सोयही झाली. यातून घ्यायचं ते हे, की आईचा आपल्यावर विश्वास असेल तरच मुलगी उंबऱ्याबाहेर पडते.

मुलींची वेळ त्यांना विचारून ठरवा. धाकटं भावंड घेऊन यायला परवानगी द्या, त्याच्यासाठी कोपऱ्यात खेळणी ठेवा. मुलींचा कबड्डीचा संघ काढा. मासिक पाळी, आरोग्य, अठरा वर्षांआधीच्या लग्नाचा कायदा यावर आशाताई किंवा परिचारिकेशी मोकळं बोलणं होऊ द्या. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, हे प्रत्येक घरात पोचवा.

परवानगी, पैसा आणि सुरक्षितता

पालकांची लेखी संमती घ्या. मुख्याध्यापकांना सुरुवातीलाच भेटा, कारण हे काम शाळेच्या विरोधात नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी असतो. ग्रामसभेत ठराव मांडून त्यातून चटया, दिवे, पुस्तकं, अवजारं मागा. रोख पैसा कमीत कमी हाताळा आणि जमाखर्च फळ्यावर लिहा.

कुठलंही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत बसणार नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगा. मारणं, शिवी देणं, जातीवरून बोलणं चालणार नाही. मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं तर गावात मिटवू नका. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवा. धरणाच्या फुगवट्यात पोहायला जाणं उपक्रमात घेऊ नका.

शाळेत परतायची वाट उघडी ठेवा

मुलाचा हात कामाला लागला, वाचन सुधारलं, की पुढचा प्रश्न दाखल्याचा. नाव अजून पटावर असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून त्याला वर्गात बसवा आणि पहिले दोन महिने त्याची विचारपूस ठेवा. शाळा पूर्ण सुटलेली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून वयाच्या चौदाव्या वर्षापासून दहावीची तयारी करता येते. आयटीआयमधले काही ट्रेड आठवी पास मुलांनाही खुले असतात. फॉर्मच्या तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून गावातल्या एका माणसाकडे त्यांची जबाबदारी द्या. वेळेत न मिळालेल्या एका कागदापायी वर्ष जातं, आणि त्या वर्षात मुलगा हायवेवरच्या हॉटेलात लागतो. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणं हा गुन्हा आहे, हे हॉटेलवाल्यालाही सांगा.

काय करू नका

एका दिवसाचं शिबिर भरवून, टोप्या वाटून, फोटो काढून निघून जाऊ नका. पुण्याहून येणाऱ्यांना ही कळकळीची विनंती आहे. वह्यांचे गठ्ठे आणण्यापेक्षा वर्षभर महिन्याचा ठरलेला एक शनिवार द्या आणि तुमचा व्यवसाय मुलांना दाखवा. पाहुण्यांसमोर मुलांना 'ही नापास मुलं' म्हणून उभं करू नका. संख्या मोजू नका. बारा मुलं वर्षभर टिकली तर ते पाचशेंच्या मेळाव्याहून मोठं काम आहे.

तीन महिन्यांनी स्वतःला चार गोष्टी विचारा. मुलं न बोलावता येतात का? गावाला दिसेल असं एक तरी काम पुरं झालं का? पूर्वी न वाचणारं एक तरी मूल चार ओळी वाचतं का? मुली टिकल्या का? दोन उत्तरं 'हो' आली तरी काम योग्य वाटेवर आहे.

संध्याकाळी मुलांना एकत्र आणण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा १९४१ पासून मैदानावर भरत आल्या, प्रबोधिनीची दलं भरली. मावळात एकाच्या शेतावर सगळ्यांनी जाऊन इर्जिक करायची पद्धतही आपलीच आहे. मुलांच्या शिक्षणाला आज तसेच गावाचे हात लागायला हवेत. येत्या आठवड्यात दोन माणसं ठरवा, एक जागा ठरवा, एक वार ठरवा आणि पारावरच्या त्या पाच-सात मुलांना स्वतः जाऊन सांगा, 'एक काम आहे, तुमच्याशिवाय होणार नाही.' मुलं येतील. आपण प्रत्येक ठरलेल्या वारी तिथे हजर राहू या.